रुमालांतला रुमाल

सोलापुरांत सात रस्ता या नांवाचा चौक आहे. एका जागीं सात वाटा फुटतात, म्हणून हें नांव. परगांवचा पाहुणा तेथें उभा राहून पत्ता विचारूं लागला, म्हणजे आम्ही त्यास सांगतों : अमुक रस्ता धरा, मग डावीकडची गल्ली, गल्लींत तिसरा वाडा, वाड्यांत मागची खोली. पत्ता म्हणजे दुसरें काय आहे? बाहेरून आंत, आणि आंतून आणखी आंत, असें पायरीपायरीनें जाणें. एक पायरी चुकली, तर मनुष्य दारापर्यंत येऊनहि घरीं पोहोंचत नाहीं.

हें मला गेल्या वर्षीं चांगलेंच शिकावें लागलें. माझ्या हाताखालीं शिकून परदेशीं गेलेल्या एका विद्यार्थ्यानें मला पत्र धाडलें. तेथील मुलांस मराठी शिकविण्याच्या एका जागेसाठीं तो अर्ज करीत होता, आणि त्यास आपल्या जुन्या मास्तरांचें चार ओळींचें शिफारसपत्र हवें होतें. पत्र कागदाचें नव्हतें, ई-टपालाचें होतें. तें चैत्रांत आलें, आणि मीं तें वाचलें श्रावणांत. अर्जाची मुदत केव्हांच टळून गेली होती. पत्र हरवलें नव्हतें. तें माझ्याच संगणकांत, माझ्याच नांवानें, जेथें ठेवावयाचें तेथेंच नीट ठेवलेलें होतें. फक्त ज्या खणाच्या आंतल्या खणांत तें पडलें होतें, तो खण मला दिसत नव्हता.

या प्रसंगानें मनास टोंचणी लागली, आणि पत्रें ठेवण्याची ही खणांतल्या खणाची रीत कोठून आली, याचा मी विचार करूं लागलों. त्या विचाराचें फळ आज आपणांपुढें मांडीत आहें.

आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर या विद्येचें मोठें विद्यापीठ म्हणजे पेशव्यांचें हुजूर दफ्तर. मोडी अक्षरांत लिहिलेले लांब लांब बंद, बंदांच्या जुड्या, जुड्यांचीं पुडकीं, आणि अनेक पुडक्यांस मिळून एक कापडी रुमाल, अशी ती मांडणी. असे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारांत आजहि आहेत, आणि त्यांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे. शाहू दफ्तर, चिटणिशी, घडणी, जमाव, आंग्रे अशा विभागांनीं ते लावलेले आहेत.

या मांडणीचें मर्म दोन वह्यांत सांपडतें. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. रोजकीर्दींत जें जसें घडलें, तें त्या दिवसाखालीं लिहावयाचें : आज अमक्यास इतके रुपये दिले, तमक्या महालाचा वसूल आला, देवस्थानास नेमणूक करून दिली. तेथें विषयाचा भेद नाहीं. दिवस हीच एक ओळख. मग तींच कलमें उचलून खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर बसवावयाचीं. म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणीं नोंदली गेली, एकदां काळाच्या क्रमानें आणि एकदां विषयाच्या क्रमानें. कोणास तारीख ठाऊक असो, कोणास खातें ठाऊक असो, दोघांसहि कागद सांपडावा, ही त्यामागील दृष्टि.

इंग्रजी अंमल आल्यावर दफ्तराची पाहणी करणाऱ्या मॅक्लिऑड या अधिकाऱ्यानें नमूद केलें आहे कीं, बाळाजी बाजीरावांच्या कारकीर्दीपासून सवाई माधवरावांच्या अखेरीपर्यंत हें दफ्तर फार काळजीनें राखलें गेलें. सवाई माधवराव १७९५ साली वारले. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत दफ्तराकडे दुर्लक्ष झालें, कारकुनांची नेमणूक जवळ जवळ मोडली, आणि लोकांनीं कागद उचलून नेले तरी कोणी हटकीनासें झालें. राज्य १८१८ साली गेलें; परंतु दफ्तराची वाताहत त्याच्या अगोदर वीस वर्षें सुरू झाली होती, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये.

कागद सांपडणें किंवा न सांपडणें ही केवळ पंडितांची अडचण नव्हे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, आणि दक्षिणेंतील इनामदारांस आपापल्या हक्काचा पुरावा मागण्यांत आला. पिढ्यानुपिढ्या जमीन खात आलेल्या कुटुंबांची भिस्त एका बाजूस घरच्या पेटींतील सनदेवर आणि दुसऱ्या बाजूस सरकारी रुमालांतील नोंदीवर पडली. सनद वाळवीनें खाल्ली आणि नोंद हातीं लागली नाहीं, कीं इनाम गेलें. पुष्कळांचीं गेलींहि. नोंद मुळांत नसणें आणि नोंद असून न सांपडणें या दोन गोष्टी न्यायाच्या दृष्टीनें किती भिन्न! पण ज्याची जमीन गेली, त्यास दोन्ही सारख्याच.

पुढें अभ्यासकांचें युग आलें. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांतून उतारे काढले, आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० साली त्यांवर प्रास्ताविक निबंध लिहिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून घरंदाज मंडळींच्या माळ्यांवरचीं दफ्तरें तपासूं लागले; त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पानिपतापूर्वींच्या दहा वर्षांचा पत्रव्यवहार प्रथमच वाचकांच्या हातीं आला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें.

परंतु हुजूर दफ्तराचें दार नीट उघडलें तें गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं. बडोद्यास राजपुत्रांचे शिक्षक म्हणून आयुष्य वेंचलेला हा गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाला होता. जदुनाथ सरकारांनीं नेट लावला, मुंबई सरकारनें काम सोंपविलें, आणि वयाच्या पासष्टीच्या घरांत सरदेसाई पुण्याच्या त्या रुमालांपुढें बसले. कृ. पां. कुलकर्णी आणि य. न. केळकर हे त्यांचे साहाय्यक. १९३० ते १९३४ या अवधींत ‘पेशवे दफ्तरांतून निवडलेले कागद’ या मालेचे ४५ भाग छापून निघाले. निवृत्त शिक्षकास आतां काय उरलें आहे, असें मजसारख्यास कधीं वाटलें, तर मी हा आंकडा आठवतों.

सरदेसायांची अडचण काय होती, हें पहा. दफ्तराची मांडणी महसूल आणि हिशेब पाहणाऱ्यांच्या सोईची होती. इतिहासकारास हवीं असलेलीं राजकारणाचीं पत्रें त्या हिशेबांत विखुरलेलीं होतीं. एका कामासाठीं केलेले खण दुसऱ्या कामास आडवे येतात. यास उपाय एकच : धीर धरून रुमालामागून रुमाल सोडणें.

दफ्तरांतील पत्र स्थिर असतें. टपालांतील पत्र चालतें असतें. त्याचीहि गोष्ट थोडक्यांत सांगतों. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी सोलापुरास १८६० साली आली, आणि मग आगगाडीच्या चालत्या डब्यांतच पत्रें निवडण्याची पद्धत हिंदुस्थानांत रूढ झाली. भिंतीस लावलेल्या लहान लहान खान्यांपुढें उभे राहून टपाल-कर्मचारी रात्रभर पत्रें टाकीत जात. त्यांची सारी विद्या डोळ्यांत आणि पाठांतरांत होती. एकाच नांवाचीं दहा गांवें, पत्ता कोणी मराठींत, कोणी कानडींत, कोणी तेलुगूंत लिहिलेला. आमचें सोलापूर तर या तिन्ही भाषांचें गांव.

हा भार हलका करणारे गृहस्थ मराठीच होते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्यें आणि नाटकें लिहिणारे पंडित, आणि चरितार्थानें टपाल व तार खात्यांतील वरिष्ठ अधिकारी. त्यांनीं आंखलेली पिनकोडाची सहा आंकड्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अंमलांत आली. देशाचे आठ भाग भूमीप्रमाणें, आणि नववा सैन्यासाठीं. सोलापुरास लागू असलेले पहिले तीन आंकडे ४१३. त्यांतील ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग; ४१ म्हणजे त्यांतील उपविभाग; ४१३ म्हणजे जेथें टपाल निवडलें जातें तो टापू; आणि शेवटचे तीन आंकडे म्हणजे प्रत्यक्ष टपाल कचेरी. खणांत खण, त्यांत खण, त्यांत पत्र.

गंमत अशी कीं, पंढरपूर ४१३३०४ आणि बार्शी ४१३४०१ यांच्याबरोबरच पुणे जिल्ह्यांतील बारामती ४१३१०२ आणि मराठवाड्यांतील लातूर ४१३५१२ हींहि याच ४१३ च्या पोटांत आहेत. वेलणकरांच्या योजनेंत कलेक्टराच्या हद्दीपेक्षां टपालाच्या पिशवीची वाट महत्त्वाची. शिवाय दिल्लीच्या कर्मचाऱ्यास करमाळ्याची वाट ठाऊक असण्याची गरजच उरत नाहीं. त्यानें पहिला आंकडा पाहावा, पुढील आंकडे पुढच्यानें पाहावे. चांगल्या मांडणीचा हा गुण आहे : प्रत्येकास आपल्या पायरीपुरतेंच ज्ञान पुरतें.

आतां संगणकाकडे वळूं. संगणकांत खणांतल्या खणाची कल्पना १९६५ साली अमेरिकेंत मल्टिक्स नांवाच्या योजनेसाठीं डेली आणि नॉयमन या दोघांनीं नीट मांडली, आणि पुढें युनिक्सानें ती सर्वत्र रूढ केली. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडलें. पत्रें वाढूं लागल्यावर ठेवण्याच्या दोन रीती पडल्या. पहिली रोजकीर्दीसारखी : सारीं पत्रें एकाच लांब फायलींत एकापुढें एक लिहीत जाणें. अशा फायलीच्या पोटांत दुसरी फाईल ठेवतां येत नाहीं, आणि मधेंच ती बिघडली तर पुढच्या पत्रांसहि धोका. दुसरी रीत रुमालासारखी : प्रत्येक पत्र सुटें, आणि अनेक पत्रांचा एक खण, म्हणजे फोल्डर, फोल्डरांत आणखी फोल्डर. ही दुसरी रीत १९७९ च्या सुमारास रँड संस्थेंतील एम्. एच्. या प्रोग्रामानें रूढ केली. १९८६ साली स्टॅनफर्ड येथें मार्क क्रिस्पिन यांनीं आयमॅप नांवाचा करार रचला. त्यामुळें पत्रें दूरच्या यंत्रावरच राहूं देऊन आपण येथून त्यांचे खण उघडून पाहूं शकतों.

माझा नातू अभियांत्रिकी शिकतो. माझें यंत्र जुनें आणि दृष्टि त्याहून जुनी. म्हणून त्यानें मला चित्रांवांचूनचा, काळ्या पाटीवर पांढरीं मोठीं अक्षरें उमटविणारा, टर्मिनलांत चालणारा प्रोग्राम बसवून दिला. त्याचें नांव मट. मायकेल एल्किन्स यांनीं तो १९९५ साली लिहिला. मला ती पाटी शाळेची आठवण करून देते. आलेलें टपाल यंत्रावर उतरवून घेऊन ज्याच्या त्याच्या खणांत टाकण्याचें काम दुसरा एक प्रोग्राम करी. ‘विद्यार्थी’ हा खण, आणि त्याच्या आंत ‘जुने’ हा खण, मींच हौसेनें करवून घेतला होता. तोच मला नडला.

नडला कसा, तें सांगतों, कारण अनेक घरांत असें घडूं शकेल. त्या रीतींत आंतले खण खरोखर आंत नसतात. सारे एकाच पातळीवर असतात, आणि नांवांत टिंब देऊन त्यांची पायरी दाखविलेली असते : आरंभीं टिंब, मग ‘विद्यार्थी’, मग टिंब, मग ‘जुने’. युनिक्साची जुनी वहिवाट अशी कीं, टिंबानें आरंभ होणारें नांव यादींत दाखवावयाचें नाहीं. ही वहिवाटहि कोणी विचारपूर्वक घातली नव्हती. यादींतून केवळ ‘हाच खण’ आणि ‘वरचा खण’ अशा अर्थाच्या दोन टिंबांकित खुणा वगळावयाच्या होत्या. सोपें म्हणून ‘पहिलें अक्षर टिंब असेल तर वगळा’ एवढेंच लिहिलें गेलें, असें रॉब पाइक यांनीं सांगितलें आहे. एका आळसाचा नियम झाला, आणि तो पन्नास वर्षें चालला आहे. मटमध्येंहि तोच नियम ‘मास्क’ या नांवानें मुळापासून घातलेला आहे.

दुसरी अडचण नांवाची. देवनागरी नांव अशा खणास दिलें, तर आंत तें एका सांकेतिक लिपींत लिहिलें जातें. आरंभीं अँपरसँडची खूण, मग इंग्रजी ‘सी’, आणि पुढें अक्षरांचा गोंधळ. मोडी न शिकलेल्या पदवीधरास रुमाल जसा, तसा तो खण आम्हां दोघांस. पाहूनहि तो आमचा आहे हें कळणें कठीण.

मुलानें दोन तास खपून वाट काढली. म्हणाला, «आजोबा, तुमचें पत्र हरवलें नाहीं, दिसत नव्हतें एवढेंच.» त्यानें केलेलीं कामें तीन. पहिलें, मुख्य खण कोणता तें मटला एकदां सांगून ठेवलें; मग ‘बरोबर’चें चिन्ह लिहिलें कीं त्या मुख्य खणापासून पुढची वाट समजली जाते. दुसरें, मास्क बदलून टिंबाचीं नांवेंहि यादींत आणलीं. तिसरें, आणि सर्वांत महत्त्वाचें, ज्या ज्या खणांत पत्र येऊं शकतें, त्या सर्वांचीं नांवें ‘मेलबॉक्सेस’ या ओळींत मांडलीं. मट नवें टपाल आलें कीं नाहीं हें याच ओळींतील खणांपुरतें पाहतो. जो खण ओळींत नाहीं, त्याची चौकशी तो करीत नाहीं. आतां ‘सी’ ही कळ दाबून प्रश्नचिन्ह दिलें कीं खणांची यादी उभी राहते. २०१६ पासून मटमध्यें डावीकडे एक पट्टी ठेवण्याची सोय आहे. तींत आंतले खण थोडे उजवीकडे सरकवून दाखवितां येतात, आणि कोणाच्या पोटांत कोण हें डोळ्यांस दिसतें.

ज्यांचें टपाल आयमॅपानें दूरच असतें, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथें एकाच खणांत पत्रेंहि असूं शकतात आणि आंतले खणहि. अशा नांवापुढें अधिकाचें चिन्ह दिसतें. त्यावर एंटर दाबलें तर आपण आंतल्या खणांत उतरतों. त्याच खणाचीं पत्रें पाहावयाचीं, तर स्पेसची कळ दाबावी लागते. मनुष्य एंटर दाबतो, पत्रें दिसत नाहींत, आणि खण रिकामा आहे अशी समजूत करून घेतो.

शेवटीं एक विनोद सांगतों. हे सारे नियम ज्या फायलींत लिहावयाचे, तिच्या नांवाच्या आरंभींहि टिंबच आहे. म्हणजे लपलेलें दाखविण्याची किल्लीहि लपलेलीच! नातू हंसला, मला मात्र तो पाहणी करणारा अधिकारी आणि दुसऱ्या बाजीरावाचें दफ्तर आठवलें. दफ्तराची किल्ली ज्याच्या स्मरणांत आहे, तो कारकून निघून गेला, म्हणजे कागद जागच्या जागीं असूनहि दफ्तर मुकें होतें.

माझ्या घरचें तरी दुसरें काय होतें? खण मुलानें केले, नियम त्याच्या डोक्यांत राहिले, आणि तो शिकावयास पुण्यास गेला. यंत्रास मीं दोष देत नाहीं. त्यानें सांगितलें तेवढें केलें. मीं विचारलें नाहीं, हा दोष माझा.

त्या विद्यार्थ्यास मीं लगोलग उत्तर लिहिलें, झालें तसें सांगितलें, आणि शिफारसपत्रहि सोबत धाडलें. निरुपयोगी, तरी धाडलें. त्याचें उलट उत्तर दोन दिवसांत आलें. ती जागा दुसऱ्यास मिळाली होती. त्यानें लिहिलें होतें कीं, मास्तर रागावले असतील किंवा आपणांस विसरले असतील, असें समजून त्यानें पुन्हा लिहिण्याचें धाडस केलें नाहीं. जागेच्या नुकसानीपेक्षां हें वाक्य मला अधिक लागलें. न दिसलेल्या पत्राचा अर्थ पलीकडच्या माणसानें असा लावला होता.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं पत्रें कागदाचीं असोत वा विजेचीं असोत, माझें एवढेंच सांगणें आहे. खण थोडे करावे, दोन पायऱ्यांच्या आंत जाऊं नये. जे केले त्यांची यादी साध्या वहींत, साध्या मराठींत लिहून ठेवावी. ती वही घरांतील आणखी एका माणसास दाखवावी. आणि महिन्यांतून एकदां, सवड काढून, प्रत्येक रुमाल सोडून पाहावा. माझी वही आतां देवघरांत, पंचांगाशेजारीं असते. अमावास्येस मी सर्व खण उघडतों. गेल्या अमावास्येस ‘जुने’ या खणांत एक नवें पत्र होतें. तें त्याच विद्यार्थ्याचें होतें. दुसऱ्या एका जागेसाठीं त्यास पुन्हा चार ओळी हव्या होत्या.

मुदतीस अकरा दिवस होते. मीं त्याच रात्रीं लिहून धाडल्या.